पांढऱ्या चुडीचं चाक

ऐक तू फक्त. मधात बोलू नको, मधात कोनी बोललं का मी भलतंच सांगत बसतो. चहा घ्याचा असन तं आत्ताच घे, मंग उठू देनार नाही तुले.

आपला शेखर माहीत हाय ना, हिंगणीचा? ज्याची ते जुनी सहा चाकाची मेटाडोर हाय, गावची सारी भाजी, सारे फुलं अमरावतीच्या बजारात नेते तो. त्याच शेखरचं सांगून राहिलो. तो काही वाईट पोट्टा नोहोय, हे आधीच सांगून ठेवतो. दारू पेत नाही, गाडी दामटत नाही, कोनाची म्हातारी रस्त्यात दिसली तं गाडी थांबवून बसवून घेते. म्हनूनच सांगून राहिलो. वाईट मानसाचं असतं तं सांगालेच नसतो बसलो.

आता हिंगणी म्हनजे खारपानपट्टा. बोरचं पानी तोंडात घेतलं तं थुकाच लागते. शेततळ्यातलं पानी गोड, पन ते जपून पिकाले द्यावं लागते. मंग काढेल भाजीवर शिपडाले काय? तं बोरचं खारं पानी. सांबाराच्या, म्हनजे कोथिंबिरीच्या, जुड्या, मेथी, झेंडूचे पोते, सारं गाडीत लावलं का वरून बारदाना टाकाचा अन बारदान्यावर बादल्यानं खारं पानी ओताचं. बजारात जाईपर्यंत माल कसा टवटवीत. पन ते पानी जाते कुठी? फळ्याच्या फटीतून खाली. अन खाली काय हाय? स्टेपनीचं कॅरियर.

गाडीच्या मांगं, पाट्याखाली, लोखंडाचा एक झुला रायते. एका अंगानं बिजागरी, दुसऱ्या अंगानं दोन बोल्ट. बोल्ट सोडले का झुला खाली येते, स्टेपनी काढता येते. दहा वर्सं त्या झुल्यावर रोज खारं पानी पडलं. तूच सांग, काय उरन त्याचं?

अन शेखरच्या घरी एक रीत हाय. त्याच्या बापानं लावेल. दसऱ्याले गाडीचे सारे चाकं धुवाचे, रिंगाले हिरवा रंग माराचा, अन त्याच्यावर भोवताल एक पांढरी पट्टी. बाप त्याले चुडी म्हने. म्हने, लक्ष्मीच्या हातात चुडी नको का. स्टेपनीसुद्धा खाली काढून रंगवाची, हळद-कुंकू लावाचं. आता तीन वर्सं झाले, दसऱ्याले शेखर खाली शिरला तं बोल्ट काही हलेना. डिझल टाकलं, हातोडा मारला, पान्याले पाइप लावून लोंबकळला. नाही. मंग त्यानं काय केलं माहीत? गाडीखाली झोपून हात वर करून स्टेपनीले तिथल्या तिथंच कुंकू लावलं, झेंडूचा हार तारेनं अडकवला, हात जोडले, आला बाहेर. पुढच्या वर्सी तसंच. त्याच्या पुढच्या वर्सी तसंच. देवघरातल्या देवासारखी स्टेपनी वर बसेल, अन हा खालून पूजा करते.

यंदा दिवाळीच्या तोंडावर त्याले वाटलं का आवाज येऊन राहिला. खड्ड्यात गाडी गेली का मांगून खटक-खटक. मंग गेला तो दर्यापूरले, अश्विन मिस्त्रीकडं.

अश्विन गाडीखाली शिरला. दोन मिन्टात त्याचा खोकला ऐकू आला. गंजाचे पापुद्रे त्याच्या तोंडावर पडले होते.

"काय हाय मिस्त्री?"

"कॅरियर नोहोय भाऊ हे. पापड हाय पापड. तळ अन खाय."

"मस्करी नको करू. स्टेपनी काढ खाली."

"काढतो. तुया बापानं या कुलपाच्या चाव्या ठेवल्या असन तं दे." मंग पान्याचा आवाज, मंग हातोड्याचा, अन मंग एकदम 'टक' झालं. हातोडा थांबला.

"काय झालं बे?"

"एक बोल्ट तुटला."

"अन दुसरा?"

"दुसरा जागचा हलत नाही. आता हा झुला एका बोल्टावर लटकेल हाय." तो सरपटत बाहेर आला, चड्डीले हात पुसले. "गॅसनं कापावं लागन. पन गॅस संपेल हाय माया, उद्या दुपारी येते. उद्या ये, पुरं कॅरियर कापून नवं ठोकून देतो. तोवर गाडी हलवू नको."

"उद्या? उद्या पहाटे तं दिवाळीचा बजार हाय."

"मंग?"

"मंग काय मंग. साऱ्या गावानं झेंडू तोडला. आज संध्याकाळी भराचा हाय."

अश्विन म्हनला, "शेखरभाऊ, तुमाले एक सांगू? तुमची भाजी ताजी रायते अन गाडी सडते. अन हे आज नाही झालं. तीन वर्सांआंधी आले असते तं हे पाच मिन्टाचं काम होतं."

शेखर हासला. त्याले वाटलं, मिस्त्री लोक असेच बोलतात, काम वाढवाले. गाडी हळूहळू चालवत हिंगणीले आला. पन येताना दर खड्ड्याले त्याचा जीव मांगं होता, हे तो सोताच सांगते.

गावात आला तं झेंडूचे पोते रस्त्यावरच लावेल. अकरा घरचे फुलं. सारे वाटच पाहून राहिले होते. शेखरनं हळूच आपल्या चुलत्याले, वामनराव काकाले, बाजूले घेतलं अन सांगतलं का काका, कॅरियर एका बोल्टावर हाय, मिस्त्री नाही म्हनते.

वामनरावनं धोतर खोचलं, खाली वाकून पायलं, अन म्हनला, "हे? एवढ्यासाठी गाडी उभी करशीन? अन हे फुलं काय मंग पोळ्यापर्यंत ठेवाचे? तार आन."

"काका, तारेनं नाही होत."

"अरे आन ना. कुंपनाची जाड तार आन. अन पक्कड."

बुढ्यानं गाडीखाली झोपून सात वेढे मारले. चेसीच्या अँगलले गुंडाळली, झुल्याच्या बोल्टाकडच्या अंगातून काढली, पक्कडीनं पीळ दिला. बाहेर आला तं तोंडावर मीठ-गंज, पांढऱ्या मिशा तपकिरी झाल्या.

"आता हत्ती लटकवला तरी पडत नाही," म्हनला.

गंगूबाई तिथंच उभी होती. गंगूबाई म्हनजे शेखरच्या शेजारची, नवरा जाऊन बारा वर्सं झाले, एकटीनं एक एकर झेंडू लावते, अन आपला माल कोनाच्या भरवशावर सोडत नाही. केबिनमधी बसून सोता बजारात जाते. ती म्हनली, "वामनराव, हत्ती लटकवाले कोन सांगतलं तुमाले? चाक लटकलं पायजे."

"तू चूप बस वं. बायामानसाले गाडीचं काय समजते."

"मले गाडीचं नाही समजत. तार समजते. माया वावराचं सारं कुंपन तारेचंच हाय, अन दर पावसाळ्यात तुटते."

सारे हासले. शेखरबी हासला. अन मंग अकरा घरच्यांनी मिळून पोते गाडीत फेकले, बारदाना टाकला, अन वरून बादल्यानं पानी ओतलं. खारं. ते पानी फटीतून गळत गळत त्याच तारेवर.

पहाटे निघाले. वाटेत उजाडाले लागलं, वावरावर धुई होती, थंडी अशी का स्टेअरिंगले हात चिकटून रायले. खोलापूर ओलांडलं. वलगावच्या अलीकडं एक पूल हाय, त्या पुलाच्या उतारावर रस्ता खराब हाय. तिथं गाडीनं उडी मारली अन मांगं 'धप्प' झालं.

गंगूबाईची झोप मोडली. "काय झालं रे?"

"खड्डा हाय काकू."

आरशात पायलं त्यानं. धुई होती. काहीच दिसलं नाही. हे मी पक्कं विचारलं त्याले, दोनदा विचारलं. तो म्हनते, काहीच दिसलं नाही. पन मंग तो हेही म्हनते का आरशात पाहाले मले भेवच वाटून राहिला होता, म्हनून पाह्यलं न पाह्यलं असं केलं. आता तूच समज.

बजारात माल उतरला. चांगला उठला. दिवाळीचा बजार, लोक हातातून ओढून नेत होते. दहा वाजता गाडी रिकामी झाली, शेखर मांगं गेला, वाकला. तं तार लोंबत होती. झुला खाली मोडून पडेल, बिजागरीवर हेलकावे घेऊन राहिला. स्टेपनी नाही.

आता पाय, त्याले पयलं काय वाटलं असन? त्याले वाटलं, स्टेपनी गेली. बस. टायर नवाच होता, बोल्ट गंजाच्या आंधी बसवेल, कधी रस्त्याले लागलाच नव्हता, म्हने त्याचा जीव जळला. म्हनला, "काकू, येताना रस्त्यानं पाहत जाऊ, कुठी नालीत पडेल असन." मानसाचं मन बी कसं असते पाय.

तं दोघं निघाले. शेखर डावीकडं पायते, गंगूबाई उजवीकडं पायते. वलगाव गेलं. पूल आला. पुलाच्या अलीकडं रस्त्यावर झेंडू सांडेल. लय सांडेल. गाड्यांच्या चाकाखाली येऊन डांबरावर पिवळा चिखल झाला होता. शेखरले वाटलं आपलंच पोतं फाटलं काय. बाजूले चहाची टपरी. थांबवली गाडी, दोघांनी चहा घेतला.

"भाऊ, इकडं एखांदं टायर पडेल दिसलं काय?"

टपरीवाल्यानं चहाचं भांडं खाली ठेवलं. शेखरच्या तोंडाकडं पायलं. "टायर? फुलवाल्याले लागलं ते?"

"कोन फुलवाला?"

"सकाळी सहाच्या टायमाले. मोटरसायकलवर झेंडू घेऊन जात होता पोट्टा. कोन्या हरामीच्या गाडीचं टायर सुटलं, गरगर गरगर आलं अन त्याच्या पायावर. अमरावतीले नेला. पाय असा लोंबकळत होता." त्यानं चिमट्यानं दाखवलं कसा. "तुमचं होतं काय टायर?"

अन शेखरच्या तोंडातून, त्याले सोताले समजाच्या आंधी, निघालं:

"नाही. मायं ट्यूब होतं. आतलं."

काय कारन नाही, कोनी धरलं नाही, पोलिस नाही, काही नाही. टपरीवाल्यानं फक्त इचारलं, अन यानं सांगून टाकलं. गंगूबाई बाजूलेच उभी. तिनं ऐकलं. तिनं चहाचा कप तसाच ठेवला, अर्धा.

हिंगणी येईपर्यंत ती खिडकीबाहेर तोंड करून बसली. गावच्या शिवेवर, जिथं मारुतीचं मंदिर हाय, तिथं म्हनली, "इथंच उतरव."

"काकू, घर तं पुढं हाय."

"इथंच उतरव. मले चालाचं हाय."

संध्याकाळी शेखरनं वामनराव काकाले सांगतलं. बुढा ओसरीवर बसला होता, बसल्या जागी वाळला. लय वेळ आपल्या हाताकडं पाहत बसला, पक्कडीनं पीळ दिला होता ते हात. मंग म्हनला, "कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाही. गंगूकाकूले माहीत हाय."

"सांगू नको. ऐक, शेखर. गाडी पोलिसानं नेली तं ठाण्यात उभी रायते वर्सभर. हा सांबार, हे मेथी, हे गोबी, अकरा घरचं... दुसरी गाडी हाय काय आपल्या गावात? कोन नेईन? सायकलवर नेतीन काय?" त्याचा आवाज फाटला. "तुले नाही वाचवत मी. मी गाव वाचवून राहिलो."

"तो पोट्टा मेला तं?"

"मेला नाही ना? पाय हाय ना? होते पाय बरा."

पाय बरा झाला नाही. तिसऱ्या दिवशी पेपरात एका कोपऱ्यात आलं का गुडघ्याखालून पाय काढला, अज्ञात वाहन, शाकीब नाव, वलगावजवळच्या वस्तीवरचा फुलशेतकरी. गंगूबाईनं तो पेपरचा तुकडा फाडून घेतला अन शेखरच्या घरी आली. शेखर बाजूलेच बसेल, त्याची बायको मंजुषा तवा घासून राहिली होती, तिच्या पुढंच गंगूबाईनं पेपर ठेवला.

"याले दे," म्हनली. "अन याले म्हन का पोलिसाकडं जाय का नको जाऊ, ते याचं हाय. पन त्या मानसाचं तोंड पाहून ये. एकदा. त्याच्या बायकोनं भाकर कशाची थापावी आता, हे पाहून ये."

मंजुषाचं घासनं थांबलं. राखेचा हात तसाच ठेवून शेखरकडं पाहत राहिली. तो पेपरचा तुकडा मंग तिनं देवघरात ठेवला, अन दर दिवशी दिवा लावताना शेखरच्या डोळ्यापुढं यावा अशा जागी.

दीड महिना लागला शेखरले तिथं जाले. या दीड महिन्यात त्यानं एक काम केलं. अश्विनकडून नवं कॅरियर बनवलं. जाडजूड, रंग मारेल, बोल्टाले ग्रीस. पन स्टेपनी नाही घेतली. नवं कॅरियर रिकामंच लटकेल. कोनी विचारलं तं म्हने, घेऊ निवांत.

मंग एका रोजी गेला. बहाना काय तं, मी हिंगणीचा, बजारात गाडी जाते मायी, तुमचे फुलं घेऊन जाऊ काय, मोटरसायकल तं आता चालवता येत नसन ना तुमाले. भाडं नको.

घर साधं, पुढं कडुनिंब. मांगं झेंडूचं वावर. शाकीब बाजेवर बसेल, एक पाय खाली, एका पायाच्या जागी पायजम्याची गाठ. तिशी-पस्तिशीचा मानूस, दाढी वाढेल. अन भिंतीजवळ आडवं पडेल ते टायर. चिखलानं लिपेल, गंजानं लाल, अन त्याच्या मधात एक कोंबडी अंडं घालत बसेल.

शेखर त्या टायरकडंच पाहत उभा.

"बस ना भाऊ," शाकीब म्हनला. "काय पायतं? ते? माया जावई हाय ते. घरात येऊन बसलं, आता जात नाही." अन एकदम हासला, अन हासता हासता त्याचा चेहरा वाकडा झाला, पाय दुखला असन. नसलेला पाय बी दुखते म्हनतात. "लोकांनी उचलून आनलं. पोलिस म्हनले ठेवा, लागलं तं नेऊ. कोनी आलं नाही न्याले."

"कोन्या गाडीचं होतं, समजलं नाही?"

"काय समजते? रस्त्यानं हजार गाड्या. त्याचे हातपाय गळून पडोत, जो कोनी असन. पन खरं सांगू का, कधी कधी मी इचार करतो, तो हरामी आता बिना स्टेपनीचा फिरून राहिला असन. पंचर झाला तं काय करन? मी बी दहा वर्सं गाडीवर फुलं वाहतो ना. मले तेच आठवते."

त्याची बायको नसीमबानो दारात उभी होती, ओढनीचा पदर तोंडाशी धरून. ती म्हनली, "हमारे को कुछ नको उससे. पैसा नको. एक बार आ जाता. आके देख लेता. बस."

"देख के क्या करेगा?" शाकीब म्हनला.

"देखता. मेरे को मालूम पडता के उसने देखा."

शेखर पानी प्याला. त्या घरचं पानी गोड होतं, तिकडं खारपान नाही.  त्यानं झेंडूचे तीन पोते गाडीत टाकले अन निघाला.

त्या दिवसापासून दर बजाराले गाडी आधी त्या घरापुढं थांबाची. हप्त्यातून दोनदा. सकाळी नसीमबानो पोते तयार ठेवे, परत येताना चहा ठेवे. अन दरवेळी इचारे, "मिला क्या वो? बजार में किसीने बोला क्या?"

"नाही भाभी. शोधून राहिलो."

दरवेळी. समजलं काय तुले? एकदा तोंड पाहून ये म्हनली होती गंगूबाई. तो तं हप्त्यातून दोनदा पाहून येत होता. अन पाहून येत होता म्हनूनच त्याले बोलता येत नव्हतं. आता बोललं तं चहा बंद होईन, फुलं बंद होतीन, अन शाकीबचा माल कोन नेईन? असं तो सोताले सांगे. मले बी सांगतलं त्यानं. वामनरावचीच गोष्ट ते, नाही काय? फक्त गाव बदललं.

मंग शाकीबले कुबडी आली. तो म्हने, मी बी येतो बजारात, घरी बसून डोकं फिरते. चढता चढता त्याची नजर गाडीच्या मांगं गेली.

"तुया गाडीले स्टेपनी नाही?"

"नाही."

"कॅरियर तं नवं दिसते."

"हो, जुनं गंजलं होतं."

"अन बिना स्टेपनीचा फिरतं? येडा हायस काय बे?" तो घराकडं पाहून ओरडला, "नसीम, वो मुर्गी को हकाल." अन शेखरले म्हनला, "ते टायर घेऊन घे. तुयाच साइजचं हाय. मालक भेटला तं त्याले देजो, नाही भेटला तं तुयं."

"नाही नाही, ते तुमच्याकडंच राहू द्या."

"मी काय करू त्याचं? खाऊ? उचल."

नसीमबानोनं कोंबडीले हाकललं. शेखरनं ते टायर गुंडाळत आनलं, आपलंच टायर, सारं चिखलानं अन कोंबडीच्या घानीनं माखेल, अन नव्या कॅरियरवर चढवलं. बोल्ट कसे, बोटानं फिरत होते. काही खटपट नाही. धुतलं नाही त्यानं. घरी गेल्यावर बी धुतलं नाही. मंजुषानं गाडीच्या मांगं पायलं, मंग देवघराकडं पायलं, मंग म्हनली, "जेवाले बसा." बस.

आता शेवटचं ऐक.

मांगच्या हप्त्यातलं हे. सोमवारी. बजारात जाताना, भर दिवसा, आठ वाजले असन. शाकीब केबिनमधी, कुबडी मांडीवर आडवी. पूल ओलांडल्यावर, टपरी दिसते तिथं, मांगचं चाक बसलं. फुस्स.

शेखर उतरला. शाकीबबी उतरला, कुबडी टेकत बाजूच्या दगडावर बसला. उन्ह चांगलं होतं. वावरात हरभरा होता, त्याच्यावर दव.

"लाव ना ते," शाकीब म्हनला. "त्याच्यासाठीच तं दिलं."

शेखरनं कॅरियर उघडलं, टायर खाली घेतलं. पंचर झालेलं चाक काढलं. स्टेपनी चढवाले गेला तं बोल्टाचे भोकं चिखलानं बुजेल. खिळ्यानं टोकरलं, निघेना. वाळून दगड झाला होता चिखल.

"पानी टाक त्याच्यावर," शाकीब म्हनला अन केबिनमधून बाटली काढून दिली. त्याच्या घरचं पानी. "टाक सारं. घर जवळच हाय."

शेखर नाही म्हनू शकला नाही. काय म्हनून नाही म्हनाचं? त्यानं बाटली उपडी केली. चिखल नरम झाला, घळघळ वाहाले लागला. त्यानं फडक्यानं पुसलं, पुसाले लागला तं हात थांबेना, कारन थांबला तं समोरचा मानूस इचारन का थांबला. अन चिखलाखालून, गंजाखालून, जागोजागी रंग निघाला. हिरवा. अन हिरव्यावर भोवताल पांढरी चुडी. बापाच्या हातची, जुनी, जाड.

शेखरनं मान वर केली नाही. मेटाडोरचे बाकी चाकं त्याच्या बाजूलेच होते. हिरवे. पांढरी चुडी. यंदाच्या दसऱ्याचे, चकचकीत.

शाकीब दगडावरून पाहत होता. चाकाकडं, मंग पुढच्या चाकाकडं, मंग परत चाकाकडं. रस्त्यानं दोन ट्रक गेले, एसटी गेली. टपरीवाल्यानं तिकडून हात केला, हे रोजचेच झाले होते आता त्याच्यासाठी.

शेखरनं चाक चढवलं. नट आवळले. एक, दोन, सारे. बराबर बसलं.

"बराबर बसलं रे," शाकीब म्हनला.

शेखर पाना हातात घेऊन उभा.

शाकीबनं कुबडी टेकली, पन उठला नाही. जिथं पायजम्याची गाठ होती तिथं हात ठेवला. राग आला असन त्याले, मारावंसं वाटलं असन, कोनाले नाही वाटनार. पन तो हळूच बोलला. म्हनला, "नसीम दर बजाराले इचारते तुले."

"हो."

"दर बजाराले तू चहा पेतं आमच्या घरी."

"हो."

"फुलं सुकून राहिले मांगं." तो उठला, कुबडीवर तोल सावरला, शेखरच्या इतक्या जवळ आला का त्याच्या तोंडाची वाफ शेखरच्या तोंडाले लागे. "एकच इचारतो तुले. घरी गेल्यावर मी तिले सांगू काय, तो येऊन पाहून गेला म्हनून? का तू सांगशीन?"

अन शेखर तिथं, हातात पाना, रस्त्यावर, त्याच पुलाजवळ. तोंड उघडलं त्यानं.

आता मले सांग. तू असता त्याच्या जागी, तं काय म्हटलं असतं?